जुन्या टर्बो ऑक्टाव्हियाचे इंजिन पुन्हा पुन्हा मिसिंग मारत असेल तर

सिग्नलला गाडी उभी असताना इंजिन थरथरते, आरपीएमचा काटा आठशेच्या आसपास स्थिर राहण्याऐवजी वरखाली होतो, घाटात तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी हिसके देते, आणि चेक इंजिनचा दिवा मधूनच लागून काही दिवसांनी आपोआप विझतो. एखाद्या सिलिंडरमधले पेट्रोल नीट पेटले नाही की त्याला मिसिंग म्हणतात. गॅरेजमध्ये एक कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज पुरवणारा भाग) बदलली जाते, थोडे दिवस गाडी बरी चालते आणि मग तेच सारे पुन्हा सुरू होते. पुढच्या खेपेला प्लग बदलले जातात, त्यानंतर हवा मोजणारा एअरफ्लो सेन्सर, त्यानंतर थ्रॉटल बॉडी (हवेचे प्रमाण कमीजास्त करणारी झडप). खर्च वाढत जातो, पण दोष नेमका कुठे आहे हे कोणीच ठामपणे सांगू शकत नाही. जुनी टर्बो पेट्रोल गाडी सांभाळणाऱ्यांमध्ये ही तक्रार इतकी सामान्य आहे की तिच्या निदानाची एक ठरावीक पद्धत लिहून ठेवणे उपयोगाचे होईल.

उदाहरणासाठी पहिल्या पिढीची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस घेतली आहे. ही गाडी २००४ मध्ये भारतीय बाजारात आली आणि तिचे १.८ लिटरचे टर्बो इंजिन आपल्याकडे १५० अश्वशक्तीचे होते, तर युरोपातील आरएसमध्ये ते १८० अश्वशक्तीचे होते. कंपनीचा कारखाना २००१ पासून औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला असल्यामुळे महाराष्ट्रात या गाड्यांविषयीची आपुलकी आणि त्यांच्यावर हात बसलेले मेकॅनिक दोन्ही अजून शिल्लक आहेत. इंजिन मात्र एकट्या स्कोडाचे नव्हे. १७८१ सीसीचे, प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह असलेले हेच इंजिन ऑडी ए४, ऑडी टीटी, फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय, पसाट आणि सीट लिऑन या गाड्यांतही होते, त्यामुळे पुढे लिहिलेले बहुतेक सगळे त्या गाड्यांनाही लागू पडते.

एक खुलासा सुरुवातीलाच केलेला बरा. पुढे आलेल्या लॉरा आणि सुपर्बमधील १.८ टीएसआय हे इंजिन वेगळे आहे. त्यात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडले जाते, म्हणून त्याच्या इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन साचतो आणि तो काढावा लागतो. जुन्या १.८ टर्बोमध्ये इंजेक्टर इनटेक पोर्टमध्ये फवारा मारतात, व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जातात आणि कार्बनची ती समस्या सहसा उद्भवत नाही. दोन्ही इंजिनांची नावे सारखी असल्यामुळे एकाचा सल्ला दुसऱ्याला दिला जातो आणि हेड उघडण्याचा खर्च उगाच होतो.

आधी परिस्थिती नोंदवा

पाना हातात घेण्यापूर्वी मालकाने एक काम स्वतः करावे, कारण ते दुसरे कोणी करू शकत नाही. इंजिन कधी बिघडते याची लेखी नोंद ठेवावी. सकाळी थंड असताना की तापल्यावर, आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) की भार आल्यावर, बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) चढताना की पाय काढताना, एसी लावल्यावर की पेट्रोल भरल्यावर, पावसात की कोरड्या हवेत, हे प्रश्न मेकॅनिकला स्कॅनरपेक्षा, म्हणजे गाडीच्या संगणकातील माहिती वाचणाऱ्या यंत्रापेक्षा, अधिक सांगतात. ‘गाडी मिसिंग मारते’ एवढेच सांगितले तर ज्याच्याकडे जो सुटा भाग तयार आहे तोच तो बदलणार.

आयडलला होणारी थरथर खरोखर मिसिंगची आहे का, हेही आधी तपासावे. इंजिनचे माउंट वीस वर्षांत दबतात आणि फुटतात. त्यातही खालच्या बाजूचा, इंजिनचा झोल रोखणारा माउंट गेला की स्टिअरिंगपर्यंत कंप पोहोचतो, पण इंजिन आतून निर्दोष असते. स्कॅनरवर प्रत्येक सिलिंडरची मिसिंग मोजणारी आकडेवारी दिसते. गाडी थरथरत असताना ते सगळे आकडे शून्यावर राहत असतील तर इंधन आणि ठिणगीच्या मागे लागण्याऐवजी माउंट पाहावेत.

चेक इंजिनचा दिवा नुसता लागणे आणि लुकलुकणे यांत मोठा फरक आहे. दिवा लुकलुकत असेल तर न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापवत आहे, असा त्याचा अर्थ होतो. अशा वेळी पाय ताबडतोब हलका करावा आणि ‘गॅरेजपर्यंत नेऊ कशीबशी’ असे म्हणून घाट चढू नये. कन्व्हर्टर वितळून अडला तर टर्बोच्या मागे दाब साठतो आणि मूळ दोष सापडल्यावरही गाडीला पिकअप येत नाही.

कोड काय सांगतो आणि काय सांगत नाही

स्कॅनरवर दिसणारे पी ०३०१ ते पी ०३०४ हे दोषाचे कोड एका विशिष्ट सिलिंडरकडे बोट दाखवतात. शेवटचा आकडा सिलिंडरचा असतो आणि पहिला सिलिंडर टायमिंग बेल्टच्या बाजूचा. पी ०३०० हा कोड मात्र मिसिंग अनेक सिलिंडरांत विखुरलेले असल्याचे सांगतो. या दोन्हींची वाट वेगळी आहे आणि येथेच बहुतेक ठिकाणी घोटाळा होतो.

एकच सिलिंडर पुन्हा पुन्हा येत असेल तर कॉइलची अदलाबदल ही सर्वांत स्वस्त चाचणी आहे. दुसऱ्या सिलिंडरची कॉइल पहिल्याला लावावी आणि पहिल्याची दुसऱ्याला. कोड कॉइलबरोबर हलला तर कॉइल दोषी. जागच्या जागी राहिला तर हाच प्रयोग प्लगचा करावा आणि त्यानंतर इंजेक्टरचा. तिन्ही हलवूनही दोष त्याच सिलिंडरला चिकटून राहिला तर वायरिंग किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याची क्षमता) एवढेच उरते. या इंजिनात कॉइलच्या कनेक्टरजवळच्या तारांचे आवरण टर्बोच्या उष्णतेने कडक होऊन तडकते, आणि ते कनेक्टरच्या आतल्या बाजूला असल्यामुळे वरून दिसत नाही. नवी कॉइल बसवताना तार हलते, काही काळ संपर्क नीट होतो, आणि कॉइल बदलल्यामुळेच दोष गेला असे वाटते. ‘महिनाभर बरी चालली’ या अनुभवामागचे एक कारण हेच असते. म्हणून इंजिन आयडलला चालू ठेवून त्या हार्नेसला हाताने अलगद हलवून पाहावे. मिसिंग सुरू झाले किंवा थांबले तर नव्या कॉइलची नव्हे, नव्या पिगटेल कनेक्टरची (छोट्या तारांसह येणाऱ्या जोडाची) गरज आहे.

सिलिंडर बंद करून पाहण्याची जुनी पद्धत वापरायची असेल तर कॉइल उपसण्याऐवजी इंजेक्टरचा कनेक्टर काढावा. कॉइल काढल्यास त्या सिलिंडरचे पेट्रोल न जळता थेट कन्व्हर्टरमध्ये जाते.

प्लगच्या बाबतीत टर्बो इंजिन साध्या इंजिनापेक्षा कडक असते. सिलिंडरमध्ये हवा जितकी दाबलेली तितकी ठिणगीला फट ओलांडणे अवघड जाते. फट ०.८ मिमीच्या आसपास असावी. झिजून ती एक मिमीच्या पुढे गेली की आयडलला सगळे ठीक वाटते आणि बूस्ट चढताच ठिणगी विझते. ट्यूनिंग करून बूस्ट वाढवलेल्या गाडीत फट ०.७ मिमी ठेवणे शहाणपणाचे आहे. नवे प्लग फट न मोजता बसवू नयेत.

हवेच्या वाटेचे तीन टप्पे

पी ०३०० येत असेल, किंवा त्याच्याबरोबर मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) असल्याचे सांगणारे पी ०१७१, पी ११२८ अथवा पी ११३६ यांपैकी एखादा कोड असेल, तर कॉइल बदलणे थांबवावे. अशा गाड्यांमध्ये दोष शोधायची पहिली जागा हवेची वाट आहे असे माझे ठाम मत आहे, आणि त्याचे कारण टर्बो इंजिनाच्या रचनेतच आहे.

या इंजिनात आत जाणारी हवा एअर फिल्टरनंतर लगेच एअरफ्लो सेन्सरपाशी मोजली जाते. संगणक तेवढ्या हवेच्या हिशेबाने पेट्रोल सोडतो. मोजल्यानंतर ती हवा टर्बो, इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा), थ्रॉटल आणि मॅनिफोल्ड (सिलिंडरांकडे हवा वाटणारा नळ्यांचा संच) असा लांबचा प्रवास करते. या वाटेवर कुठेही भोक पडले की मोजलेली हवा आणि सिलिंडरमध्ये पोहोचलेली हवा यांचा मेळ तुटतो. परंतु भोक कोणत्या टप्प्यावर आहे त्यानुसार परिणाम उलटसुलट होतो, आणि हे समजले की निदान निम्मे झाले.

पहिला टप्पा एअरफ्लो सेन्सरपासून टर्बोच्या तोंडापर्यंतचा. येथे टर्बो सतत हवा ओढत असतो, त्यामुळे भोकातून न मोजलेली हवा नेहमी आतच येते. मिश्रण आयडललाही पातळ आणि भाराखालीही पातळ. क्रॅंककेसच्या (इंजिनाच्या खालच्या पोकळीतील) वायूंची नळी आणि डायव्हर्टर व्हॉल्व्हचा (पाय काढल्यावर जादा बूस्ट परत वळवणाऱ्या झडपेचा) परतीचा पाइप दोन्ही याच टप्प्यात येऊन मिळतात, आणि त्या जोडांचे रबर तेलाच्या वाफेने फुगून सैल होते.

दुसरा टप्पा टर्बोपासून थ्रॉटलपर्यंतचा, ज्यात इंटरकूलर आणि त्याचे पाइप येतात. आयडलला या भागातील दाब जवळजवळ बाहेरच्या हवेइतकाच असतो, म्हणून येथे क्लॅम्प सुटलेला असला तरी गाडी उभी असताना काहीच जाणवत नाही. बूस्ट चढला की मोजलेली हवा बाहेर निसटते, पेट्रोल मात्र पूर्ण हिशेबाने पडते आणि मिश्रण जाड होते. त्यामुळे पिकअप मंदावतो, बॉनेटखालून फुसफुस ऐकू येते, मागून काळा धूर निघतो आणि प्लगवर काजळी धरते. काजळी धरलेला प्लग मग आयडललाही मिसिंग मारू लागतो आणि तपास भरकटतो.

तिसरा टप्पा थ्रॉटलनंतरचा, म्हणजे मॅनिफोल्ड आणि त्याला जोडलेल्या सगळ्या बारीक व्हॅक्यूम नळ्या. हाच भाग सर्वांत फसवा आहे. आयडलला मॅनिफोल्डमधील दाब बाहेरच्या हवेच्या साधारण एक-तृतीयांश असतो, म्हणून भोकातून हवा आत शोषली जाते आणि मिश्रण पातळ होते. बूस्ट आला की तेच भोक हवा बाहेर फेकते आणि मिश्रण जाड होते. एकाच फाटलेल्या नळीमुळे गाडी सिग्नलला पातळ आणि घाटात जाड चालते. मालक दोन वेगळ्या तक्रारी सांगतो, मेकॅनिक दोन वेगळे भाग बदलतो आणि नळी तशीच राहते.

हे टप्पे ओळखण्यासाठी फ्यूल ट्रिम, म्हणजे संगणकाने पेट्रोलच्या प्रमाणात केलेली टक्क्यांतील दुरुस्ती, वाचावे लागते. फोक्सवॅगन समूहाच्या स्कॅनरवर मोजमापांच्या गट क्रमांक ०३२ मध्ये दोन आकडे दिसतात. पहिला आयडलजवळची दुरुस्ती दाखवतो आणि दुसरा भाराखालची. दोन्ही आकडे उणे पाच ते अधिक पाच टक्क्यांच्या आत असतील तर निश्चिंत राहावे. दहाच्या पुढे गेले तर काहीतरी निश्चित बिघडलेले आहे. अधिक चिन्ह म्हणजे संगणक पेट्रोल वाढवत आहे, अर्थात मिश्रण पातळ पडत आहे. पहिला आकडा मोठा आणि दुसरा साधारण असेल तर तिसऱ्या टप्प्यातील गळतीचा संशय घ्यावा, कारण आयडलला इंजिनात मुळात हवा थोडी असते आणि गळतीचा वाटा त्यात मोठा ठरतो. वेग वाढला की तो वाटा नगण्य होतो. दुसराच आकडा मोठा असेल तर दोष एअरफ्लो सेन्सरमध्ये किंवा पेट्रोलच्या दाबात असण्याची शक्यता अधिक. दोन्ही मोठे असतील तर पहिला टप्पा पाहावा. दुसऱ्या टप्प्याचा दोष मात्र ट्रिममध्ये स्पष्ट उमटत नाही, कारण पूर्ण भाराखाली संगणक मुद्दामच मिश्रण जाड ठेवतो. त्यासाठी गट क्रमांक ११५ मध्ये मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट यांची तुलना करावी.

साधा ओबीडी स्कॅनर आणि मोबाइलवरचे अ‍ॅप असले तरी दीर्घकालीन आणि तात्कालिक ट्रिम दिसते. इंजिन तापल्यावर आयडलला आणि नंतर गाडी उभी ठेवून अडीच हजार आरपीएमवर असे दोनदा ते टिपून घ्यावे. वेग वाढवल्यावर आकडा खाली आला तर व्हॅक्यूम गळती, वाढला तर इंधनपुरवठा किंवा सेन्सर.

गळती प्रत्यक्ष शोधताना

या इंजिनातील सर्वांत बदनाम जागा मॅनिफोल्डच्या खाली आहे. क्रॅंककेसमधील वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांचे आणि एकमार्गी व्हॉल्व्हचे जाळे तेथे दडलेले आहे. तेलाची वाफ, इंजिनाची उष्णता आणि वय यांमुळे ते रबर बिस्किटासारखे ठिसूळ होते. वरून बॅटरीच्या प्रकाशात सगळे शाबूत दिसते, पण बोट घालून खालच्या बाजूने दाबले की तुकडा हातात येतो. त्यातला एकमार्गी व्हॉल्व्ह उलट्या दिशेने गळू लागला तर बूस्टचा दाब क्रॅंककेसमध्ये शिरतो, आणि मग तेल सीलमधून झिरपू लागते. जेथे मिसिंग आणि तेलगळती एकाच सुमारास सुरू झाल्या असतील तेथे या व्हॉल्व्हपासूनच सुरुवात करावी. बदलायचे झाल्यास एक नळी बदलून थांबू नये, कारण बाकीच्या नळ्यांचे वयही तितकेच असते.

डायव्हर्टर व्हॉल्व्हचा पडदा फाटणे हीदेखील नेहमीची गोष्ट आहे. व्हॉल्व्ह काढून त्याचा दट्ट्या दाबावा, वरच्या बारीक नळीच्या तोंडावर बोट ठेवावे आणि दट्ट्या सोडावा. तो दबलेलाच राहिला पाहिजे. लगेच वर आला तर पडदा फाटलेला आहे.

महाराष्ट्रातील इमारतींच्या पार्किंगमध्ये उंदीर आणि घुशी ही काही दुय्यम शक्यता नाही. बॉनेटखालच्या उबेला ते येतात आणि व्हॅक्यूमच्या नळ्या व तारा कुरतडतात. गाडी आठवडाभर उभी राहिल्यानंतर दोष अचानक सुरू झाला असेल तर आधी बॅटरीखालची जागा आणि इंजिनाची मागची बाजू नीट पाहावी.

डोळ्यांना काही सापडले नाही तर धुराची चाचणी करून घ्यावी. कमी दाबाने धूर मॅनिफोल्डमध्ये सोडला की फटीतून तो बाहेर येताना दिसतो. हे यंत्र आता बऱ्याच चांगल्या गॅरेजमध्ये आहे. ते नसेल तर टर्बोच्या तोंडाला अडॅप्टर लावून कॉम्प्रेसरने हवा भरावी आणि सगळ्या जोडांवर साबणाचे पाणी शिंपडावे. बुडबुडे गळती दाखवतात. येथे दोन पथ्ये आहेत. मूळ स्थितीतील इंजिनासाठी दाब अर्धा बार ते ०.७ बार एवढाच पुरे आहे, आणि क्रॅंककेसकडे जाणारी नळी आधी बंद करावी, नाहीतर तो दाब तेलाच्या सीलवर जाईल. कार्ब क्लीनर किंवा पेट्रोल चालू इंजिनावर फवारून गळती शोधण्याची प्रथा अजून दिसते. टर्बो आणि एक्झॉस्ट लालबुंद असणाऱ्या इंजिनावर ती आगीला निमंत्रण देणारी आहे. ती कोणी सुचवली तरी नकार द्यावा.

हवा बंदिस्त असेल तर मग पेट्रोल आणि सेन्सर

गळती नाही याची खात्री झाल्यावरच एअरफ्लो सेन्सरकडे वळावे. तापलेल्या इंजिनावर आयडलला तो साधारण सेकंदाला २ ते ४ ग्रॅम हवा दाखवतो. पूर्ण भाराखाली ग्रॅमचा आकडा अश्वशक्तीच्या सुमारे ०.८ पट असतो, म्हणजे १५० अश्वशक्तीच्या गाडीत १२० ग्रॅमच्या आसपास. तो ८० ते ९० वरच अडकत असेल तर सेन्सर कमी मोजत आहे. हे मोजमाप शक्यतो डायनोवर (गाडी जागेवरच चालवून शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर) घ्यावे. रस्त्यावर घ्यायचेच असेल तर मोकळ्या रस्त्यावर, दुसऱ्या गिअरमध्ये, आणि स्कॅनर शेजारी बसलेल्या माणसाच्या हातात देऊन. तेल लावलेले कापडी फिल्टर या सेन्सरला मानवत नाहीत, कारण जादा तेल त्याच्या नाजूक पापुद्र्यावर जाऊन बसते. कंपनीच्या पद्धतीचा कागदी फिल्टर ठेवणे चांगले. बाजारात मिळणारा स्वस्त नकली सेन्सर बसवण्यापेक्षा जुना सेन्सर त्यासाठीच्या क्लीनरने स्वच्छ करून पाहणे हिताचे आहे.

पेट्रोलचा दाब गेज लावून मोजावा. तीन बारच्या रेग्युलेटरवर (पेट्रोलचा दाब ठरवणाऱ्या भागावर) आयडलला सुमारे २.५ बार आणि रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढल्यावर सुमारे ३ बार दिसला पाहिजे. त्या काढलेल्या नळीत पेट्रोलचा थेंब दिसला किंवा वास आला तर रेग्युलेटरचा पडदा फुटलेला आहे. इंजिन बंद केल्यावर दाब झपाट्याने उतरत असेल तर पंपातील व्हॉल्व्ह, रेग्युलेटर किंवा ठिबकणारा इंजेक्टर यांपैकी एक कारण असते, आणि तापलेली गाडी थोडा वेळ थांबवून पुन्हा सुरू करताना होणारा त्रास त्यामुळेच असतो.

येथे इथेनॉलचा विचार टाळता येत नाही. आपल्याकडे २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने येऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते देशभर नेहमीचे झाले. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ पटच. वीस टक्के मिश्रणासाठी हे प्रमाण १३.५ च्या आसपास येते. त्यामुळे इंजिनात काहीही बिघाड नसतानाही संगणकाला शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत आठ-नऊ टक्के अधिक इंधन सोडावे लागते. एक्झॉस्टमधील ऑक्सिजन मोजून मिश्रणाची स्थिती कळवणारा ऑक्सिजन सेन्सर काम करत असेल तर इंजिन हे सांभाळून घेते, पण दुरुस्तीची जी मोकळीक गळतीसाठी शिल्लक होती ती इंधनानेच खाल्लेली असते. पूर्वी एखाद्या बारीक गळतीने ट्रिम अधिक सहावर होते आणि दिवा लागत नव्हता. आता तीच गळती ट्रिम चौदा-पंधरावर नेते आणि दिवा लागतो. म्हणून वीस वर्षे जुन्या गाडीचे ट्रिम वाचताना हा भाग मनात वजा करावा, आणि ‘पेट्रोलच खराब आहे’ असे म्हणून गळतीकडे दुर्लक्षही करू नये. सकाळी थंड इंजिनावर पहिल्या अर्ध्या-एक मिनिटात ऑक्सिजन सेन्सर कामाला लागलेला नसतो, संगणक ठरावीक हिशेबाने इंधन सोडतो आणि तेवढा वेळ मिश्रण पातळच राहते. नव्या इंधनावर थंड सुरुवात थोडी ओबडधोबड होण्याचे हे कारण आहे. या गाड्यांची पेट्रोलची रबरी नळीही त्या प्रमाणातील इथेनॉलसाठी बनवलेली नव्हती, तेव्हा ती मऊ किंवा चिकट झाली आहे का, हे पाहावे आणि संशय असल्यास बदलून टाकावी. येथे काटकसर करू नये.

थंड असतानाच त्रास आणि तापल्यावर सगळे सुरळीत, असे चित्र असेल तर कूलंटच्या तापमानाचा सेन्सर तपासावा. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू न करता नुसते इग्निशन चालू करावे आणि स्कॅनरवर कूलंटचे व आत येणाऱ्या हवेचे तापमान पाहावे. दोन्ही एकमेकांशी आणि बाहेरच्या हवेशी दोन-चार अंशांच्या फरकाने जुळले पाहिजेत. नाशिकच्या थंडीत सकाळी कूलंट सेन्सर ४० अंश सांगत असेल तर इंजिनाला लागणारे जादा इंधन मिळणारच नाही. हा सेन्सर स्वस्त आहे, त्याची जुनी काळी आवृत्ती पुढे हिरव्या आवृत्तीने बदलली गेली, आणि अजून काळाच बसलेला असेल तर तो फार वाट न पाहता बदलणे योग्य.

थ्रॉटल बॉडी स्वच्छ केल्यावर किंवा बॅटरी काढल्यावर आयडल बिघडले असेल तर तो नवा दोष नाही. इंजिन बंद आणि इग्निशन चालू ठेवून, अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता, गट क्रमांक ०६० मध्ये थ्रॉटलचे अ‍ॅडाप्टेशन (संगणकाला त्याच्या स्थितीची नव्याने ओळख) करून घ्यावे. हे न करता गाडी परत देणारी गॅरेजे अजूनही आहेत.

यांत्रिक कारणे

हवा, ठिणगी, इंधन आणि सेन्सर निर्दोष ठरल्यावर इंजिनाच्या आत पाहावे लागते. टायमिंग बेल्ट नुकताच बदलला असेल आणि मिसिंग किंवा मंदपणा तेव्हापासूनच असेल तर बेल्ट एक दात चुकला आहे का, हे सर्वांत आधी तपासावे. या इंजिनात बेल्ट फक्त एक्झॉस्टचा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) फिरवतो आणि मागच्या बाजूची छोटी साखळी तेथून इनटेकचा कॅमशाफ्ट फिरवते. दोन्ही कॅमशाफ्टवरच्या खुणांमध्ये साखळीचे १६ रोलर मोजले गेले पाहिजेत. साखळीच्या टेन्शनरचे प्लॅस्टिक झिजले की थंड सुरुवातीला हेडच्या मागून खडखड ऐकू येते, आणि दुर्लक्ष केल्यास कॅमचा वेळ सरकतो. बेल्ट तुटल्यास व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, म्हणून जुनी गाडी विकत घेताना बेल्ट बदलल्याचा लेखी पुरावा नसेल तर तो बदललेला नाही असेच धरून चालावे.

कॉम्प्रेशनची चाचणी तापलेल्या इंजिनावर, थ्रॉटल पूर्ण उघडून आणि इंजेक्टर व कॉइलचे कनेक्टर काढून घ्यावी. चांगल्या इंजिनात ९ ते १४ बार मिळतात, ७ बार ही झिजेची मर्यादा आहे, आणि कोणत्याही दोन सिलिंडरांतील फरक ३ बारांपेक्षा अधिक नसावा. एक सिलिंडर कमी भरला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर रिंग, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी भरत असतील तर दोघांमधले गॅस्केट गेलेले असण्याची शक्यता मोठी.

दुरुस्तीनंतर कोड पुसून गाडी लगेच ताब्यात घेऊ नये. कोड पुसताना संगणकाने शिकलेले ट्रिमही शून्यावर जाते, त्यामुळे पहिल्या दिवशी प्रत्येक गाडी छान वाटते आणि दुरुस्ती यशस्वी झाल्याचा भास होतो. शहरातील गर्दी, मोकळा रस्ता आणि थोडा चढ अशा सगळ्या परिस्थितीत काही दिवस गाडी चालवून, इंजिन पूर्ण तापलेले असताना गट ०३२ पुन्हा वाचावा आणि दुरुस्तीपूर्वी लिहून ठेवलेल्या आकड्यांशेजारी ठेवावा. पहिला आकडा पुन्हा दहाकडे सरकत असेल तर मॅनिफोल्डखाली अजून एक नळी फाटलेली आहे, आणि धुराची चाचणी पुन्हा करायला हवी.